कडव्या वालाला फूलच येत नाही: थंड प्रदेशातल्या परसबागेत नवं बियाणं लावताना

समुद्रकाठ (कॅलगरी) – १६ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. बाहेर उणे २४ आहे, अंगणात गुडघाभर बर्फ आहे आणि मी टेबलावर बियांची पाकिटं मांडून बसले आहे. यंदा लावायचं काय, यावर तुमच्याशी बोलायचं आहे. त्यातला एक प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, तो आधी सांगते.

आईने २०१९ साली येताना कडव्या वालाचं बी आणलं होतं, विमानतळावर रीतसर दाखवून. आमच्या अलिबागकडच्या शेतातलं. भात कापला की त्याच ओलीवर वाल पेरायचे. वरून पाणी नाही, खत नाही, थंडीच्या दवावर पीक पोसायचं. जानेवारीत ओल्या शेंगांची पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, लागायची. आता ते शेत आमच्याकडे राहिलं नाही आणि गेल्या वर्षी आईही गेली. राहिलेत ते माझ्या फ्रिजमधल्या बरणीतले ६२ दाणे.

तीन उन्हाळे लावून पाहिला. रोप झकास येतं, पानं तळहाताएवढी, काळोखी हिरवी. पण फूल एकही नाही. मग सप्टेंबरच्या मध्यावर फ्रॉस्ट (रोपं गोठवणारं हिम) पडतो आणि एका रात्रीत सगळं काळं होतं. एका वर्षी शेणखत कमी केलं, एका वर्षी जागा बदलली, तिसऱ्या वर्षी मार्चमध्येच घरात रोपं केली. फरक शून्य. इथल्या थंडीमुळेच होत असणार असं मी धरून चालले आहे.

बाकी टोमॅटो, भेंडी, मिरची यांचीही नवी वाणं करून बघायची आहेत. आमच्याकडे दोन फ्रॉस्टच्या मधले दिवस जेमतेम ११५. समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर असल्यामुळे जुलैतही रात्री गार. शिवाय गारा. जून २०२०च्या गारपिटीत अख्खा वाफा भुईसपाट झाला होता. तुमच्याकडे काय टिकलं, काय टिकलं नाही, दोन्ही लिहा.

दहाहजारतळी (मिनिआपोलिस) – १६ फेब्रुवारी

समुद्रकाठ, धागा काढलास हे फार बरं केलंस. वालाचं मला नीट माहीत नाही, जाणकार सांगतील. बाकीचं लिहितो, कारण इथे पहिली पाच वर्षं मी बियांवर पैसे उधळले ते दोन गोष्टी न कळल्यामुळे.

एक म्हणजे झोनचा नकाशा. अमेरिकेच्या शेती खात्याने (यूएसडीए) तो २०२३ साली नव्याने काढला आणि आमचा बराचसा भाग ४-बीमधून ५-एमध्ये, म्हणजे जरा उबदार गटात, गेला. मित्रमंडळी खूश झाली की आता भेंडी भरपूर येणार. पण तो नकाशा फक्त हिवाळ्यातलं सरासरी नीचांकी तापमान सांगतो. सफरचंद जगेल का, द्राक्षवेल जगेल का, हे त्यावरून कळतं. भेंडी-टोमॅटो एका उन्हाळ्याचे पाहुणे, त्यांना जानेवारीतल्या थंडीशी काय करायचंय? त्यांच्यासाठी बघायचं ते शेवटच्या आणि पहिल्या फ्रॉस्टमधले दिवस, रात्रीचं तापमान आणि मातीची ऊब.

दुसरं म्हणजे पाकिटावरचे दिवस. टोमॅटोच्या पाकिटावर ‘७० दिवस’ लिहिलेले असतात ते बी पेरल्यापासून नव्हेत, रोप बाहेर लावल्यापासून. घरातले सहा-आठ आठवडे वेगळे. भोपळा, काकडी, घेवडा यांच्यावरचे दिवस मात्र सहसा थेट पेरणीपासून धरतात. आणि हे आकडे उबदार दिवसांचे असतात. तुझ्याकडच्या गार रात्रींसाठी पंधरा-वीस दिवस वर धर. रात्री तेराच्या खाली गेल्या की टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळतात, हे तूही बघितलं असशील.

भेंडीचा माझा प्रयोग सांगतो. भावाने परभणी क्रांतीचं बी दिलं होतं. परभणीच्या विद्यापीठाचं १९८५चं वाण, गावाकडे नाव मोठं. शेजारच्याच ओळीत क्लेमसन स्पाइनलेस लावली, तीही १९३९पासूनची जुनी जाणती. दोन्हींना काळं प्लास्टिक, दोन्ही एकाच दिवशी पेरल्या. क्लेमसनला जुलैच्या शेवटी भेंड्या आल्या, परभणी क्रांती ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात फुलायला लागली आणि चार-पाच तोडे देऊन संपली. मला आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं की ते वाण काढलंच आहे केवड्याला, म्हणजे पांढऱ्या माशीतून पसरणाऱ्या पिवळ्या शिरांच्या रोगाला, दाद न देण्यासाठी. तो रोग माझ्या अंगणात नाहीच. ज्या गुणासाठी तिकडे त्याला डोक्यावर घेतात, त्याचा इथे काही उपयोग नव्हता.

भेंडीचं बी २० मेच्या आधी मातीत टाकू नकोस. माती १८ अंशांच्या वर गेल्याशिवाय ते कुजतं. मी आता स्वयंपाकघरातला थर्मामीटर सकाळी आठ वाजता मातीत खुपसून बघतो.

मातीचे हात (दापोली) – १७ फेब्रुवारी

समुद्रकाठताई, तुमचा वाल थंडीमुळे अडलेला नाही. उजेडामुळे अडला आहे.

मी आयुष्यभर बियाण्यांचं काम केलं, कडवा वाल तर आमच्या कोकणचाच. तो नोव्हेंबरात पेरतात. तेव्हा दिवस सव्वाअकरा तासांचा असतो आणि अजून लहान होत असतो. फुलायचं कधी हे त्या झाडाला रात्रीच्या लांबीवरून कळतं. रात्र पुरेशी मोठी झाली की ते फुलोऱ्यावर येतं, नाहीतर नुसतं वाढत राहतं. वाल, पावटा, तूर, हे सगळे त्या कुळातले.

आता हिशेब करा. अलिबागला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. तुमच्याकडे जूनमध्ये साडेसोळा तासांचा. तो उतरत उतरत सव्वातेरावर येईपर्यंत सप्टेंबरचा पहिला आठवडा उजाडतो. म्हणजे तुमच्या झाडाला आत्ता कुठे आपल्याकडचा जून दिसतो आणि पुढच्या आठवड्यात त्याच्यावर फ्रॉस्ट पडतो. मार्चमध्ये रोपं केलीत म्हणून काही बदललं नाही ते यामुळेच. झाड मोठं झालं, पण त्याची रात्र आली नाही.

दोन वाटा आहेत. पहिली, दिवसाच्या लांबीची फिकीर नसलेलं वाण लावणं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का जय आणि अर्का विजय ही वालाची झुडपी वाणं तशी आहेत. शेंगांची भाजी चांगली होते. पण तुमच्या बिरड्याची चव त्यांत मिळणार नाही, हे आधीच सांगतो.

दुसरी वाट कष्टाची. झाडाला रात्र तुम्ही द्यायची. झाड बादलीत वाढवा. पाच-सहा पानांचं झालं की रोज संध्याकाळी सहाला पूर्ण अंधारात न्या आणि सकाळी आठला बाहेर काढा. चौदा तास अंधार, दहा तास उजेड. तीन आठवडे एकही दिवस चुकवायचा नाही. अंधार म्हणजे खरा अंधार. मध्यरात्री पाच मिनिटं दिवा लागला तरी झाड त्या एका रात्रीच्या दोन लहान रात्री धरतं आणि केलेलं वाया जातं.

सगळे ६२ दाणे काढू नका. दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळून उबेला ठेवा, किती उगवतात बघा, तेवढेच लावा.

हिरवी खिडकी (एडमंटन) – १७ फेब्रुवारी

काका, हे वाचून मी दोनदा उठून पाणी प्यायले. माझी तूर अशीच सहा फूट वाढली होती, फूल नाही की शेंग नाही. मी तिला रोज बोलत होते.

समुद्रकाठताई, मी तुझ्याहून तीन तास उत्तरेला, आणि बाग म्हणजे दक्षिणेकडची बाल्कनी. टोमॅटोत माझ्याकडे सलग टिकलेली दोन वाणं: सब-आर्क्टिक प्लेंटी आणि स्टुपिस. पहिलं आपल्या अल्बर्टातल्याच बीव्हरलॉजच्या संशोधन केंद्रातून आलेलं, बुटकं झाड, फळं लहान पण जुलैत लाल. चव साधी, रस्सा-सारासाठी ठीक. स्टुपिस मूळचं चेकोस्लोव्हाकियाचं, वेलासारखं उंच जातं, त्याला काठी लागते, पण गार रात्रीतही फळ धरतं आणि कोशिंबिरीला त्याच्यासारखं नाही. मोठ्या बीफस्टेक टोमॅटोचा नाद मी सोडला. तीन वर्षं हिरवे टोमॅटो वर्तमानपत्रात गुंडाळून पिकवले, तेवढं पुरे.

मिरचीत पुसा ज्वाला कुंडीतच लावते आणि सप्टेंबरमध्ये कुंडी आत घेते. मिरची मुळात बहुवर्षायू, खिडकीत हिवाळा काढते. दुसऱ्या वर्षी जूनमध्येच मिरच्या.

पानगळ (हेलसिंकी) – १८ फेब्रुवारी

काकांच्या मुद्द्याची दुसरी बाजू माझ्याकडे आहे. आमचा जूनमधला दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा. वाल फुलायला तयार नाही, आणि कोथिंबीर, पालक, मुळा फुलायला टपलेले. कोथिंबीर चार पानांवर आली की लगेच दांडा काढते. आता दर पंधरवड्याला मूठभर पेरते, जून पूर्ण सोडून देते आणि जुलैच्या शेवटी पुन्हा सुरू करते. ‘कॅलिप्सो’ नावाचं उशिरा फुलणारं वाण मिळालं, त्याने आठ-दहा दिवस वाढवून दिले.

पालकाचं एक सांगायचं आहे. आपला देशी पालक आणि इथला स्पिनॅच ही नात्याने वेगळी झाडं आहेत. आपला पालक बीटच्या घराण्यातला. स्पिनॅच जूनमध्ये उभा फुलतो, तिथे आपला पालक माझ्याकडे ऑगस्टपर्यंत पानं देत राहिला. आईच्या हातच्या पातळ भाजीची चवही त्यालाच. ज्यांना हवा त्यांनी हे बी शोधाच.

आणि कांदा! नाशिकचं एन-५३ लावलं होतं. ते लहान दिवसाचं वाण, इथल्या लांब दिवसांनी त्याला वाटलं गड्डा धरायची वेळ झाली. पात पेन्सिलीएवढी असतानाच गोटीएवढे कांदे होऊन बसले. चाळिसाव्या अक्षांशाच्या वर मोठ्या दिवसाचाच कांदा हवा. मी आता स्टुरॉन लावते.

शेवगा (मेन) – १८ फेब्रुवारी

धागा वाचनखुणेत साठवला. एप्रिलमध्ये पुण्याला जाते आहे, येताना बी आणलेलं चालतं का? मैत्रीण म्हणते, मसाल्याच्या डब्यात टाक, कोण बघतंय.

दहाहजारतळी (मिनिआपोलिस) – १८ फेब्रुवारी

शेवगा, असं कृपा करून करू नकोस. बियांतून विषाणू आणि बुरशी येतात, आणि त्याचा फटका इथल्या शेतकऱ्याला बसतो. अमेरिकेत सरळ मार्ग आहे. शेती खात्याच्या एपीएचआयएस या विभागाकडे ‘स्मॉल लॉट्स ऑफ सीड’चा (थोड्या बियांचा) परवाना मिळतो. एका वेळी पन्नास पाकिटं, प्रत्येकात जास्तीत जास्त पन्नास बिया किंवा दहा ग्रॅम, पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बियांना औषध चोळलेलं नको. हा परवाना असला तर भारतातून फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बी रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) लागत नाही. काही पिकं यात बसत नाहीत, यादी आधी तपास. टोमॅटो आणि मिरचीचं बी मात्र आणूच नकोस. त्यांच्यावर टोमॅटोच्या ब्राउन रुगोज विषाणूमुळे नोव्हेंबर २०१९पासून वेगळी कडक अट आहे. ती बियाणी इथेच विकत घे.

आणि विमानतळावर दाखव. समुद्रकाठच्या आईंनी दाखवलं होतं, तसंच.

सुगरण७२ (टोरांटो) – १९ फेब्रुवारी

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. रोज बादल्या उचलून आत-बाहेर करायच्या, हे किती वर्षं जमणार? इथे जे आनंदाने येतं ते लावावं. फावा बीन्स एप्रिलमध्ये गार मातीत पेरता येतात, हलका फ्रॉस्ट सोसतात, जुलैत शेंगा. सोलून डाळिंब्यांसारखी उसळ करते, नारळ-कोथिंबीर घातली की घरात सगळे मिटक्या मारतात. जमीन जे देते त्यात आपली चव शोधायची, असं मी वीस वर्षांत शिकले.

समुद्रकाठ (कॅलगरी) – १९ फेब्रुवारी

सुगरणताई, राग कसला. फावा यंदा नक्की लावते, कृती टाका. रोजच्या जेवणासाठी तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं आणि वाफ्यातली नव्वद टक्के जागा मी इथल्या वाणांनाच देणार आहे.

पण हे बी खाण्यासाठी नाही लावत मी. आई होती तोवर मनात होतं, संपलं तर पुन्हा मागवू. आता मागवायला कुणी नाही. बरणीतले दाणे दरवर्षी म्हातारे होताहेत. मला त्यांच्यापासून नवे दाणे करायचे आहेत, एवढंच.

मातीचे हात (दापोली) – २० फेब्रुवारी

ताई, योग्य बोललात. अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावठी बियाणी जपण्यासाठी. त्या कामाचा गाभा बरणी नव्हे, पेरणी आहे. बी पुन्हा पुन्हा शेतात उतरलं तरच जिवंत राहतं.

तुमच्या सोयीची गोष्ट अशी की वाल बहुतेक स्वपरागी आहे. मधमाशी आली नाही तरी शेंग धरते आणि बी आईसारखंच निघतं. भोपळा-काकडीचं तसं नाही, ती शेजारच्या वाणाशी संकर करतात. आणि एफ-१ (संकरित) पाकिटाचं बी धरण्यात अर्थ नाही, पुढच्या पिढीत ते विस्कटतं.

एक बादली अंधारात नेऊ नका, बाहेरच ठेवा. तुलनेला काही नसेल तर फूल कशामुळे आलं हे कळणार नाही.

समुद्रकाठ (कॅलगरी) – ३ मे

दहापैकी सात दाणे उगवले. त्यांतली पाच रोपं धरली, पाच बादल्या. बाकी ५२ दाणे परत फ्रिजमध्ये.

टोमॅटोत स्टुपिस आणि सब-आर्क्टिक प्लेंटी प्रत्येकी तीन झाडं, भेंडी क्लेमसन सहा. प्रत्येक वाणाची तीन-चारच झाडं लावायची आणि वहीत तारखा लिहायच्या असं ठरवलं आहे. आजवर मी आठवणीवर विसंबत होते आणि फेब्रुवारीत काहीच आठवत नसे.

समुद्रकाठ (कॅलगरी) – २९ जून

मंडळी, एक अडचण. २० जूनपासून चार बादल्या रोज गॅरेजमध्ये नेते, खिडकीला जाड काळा कागद लावला आहे. पण नवऱ्याची शिफ्ट रात्री साडेअकराला संपते. गॅरेजचं दार उघडलं की वरचा दिवा आपोआप लागतो आणि चार मिनिटं जळत राहतो. नऊ रात्री असं होत होतं आणि आज माझ्या लक्षात आलं. काका, नऊही रात्री गेल्या का?

मातीचे हात (दापोली) – ३० जून

गेल्या असं धरा आणि आजपासून पहिला दिवस मोजा. दिव्याचा बल्ब काढून टाका. गाडी बाहेरच लावता आली तर उत्तम, तिच्या दिव्यांचाही उजेड पडतो. तुमच्याकडे सप्टेंबरपर्यंत वेळ आहे, अजून बिघडलेलं नाही.

हिरवी खिडकी (एडमंटन) – ३० जून

ताई, गॅरेज रात्री उबदार राहतं ना? बाहेर नऊ-दहा अंश असताना आत पंधरा-सोळा मिळत असतील तर वालाला ते बरंच. सोडू नकोस.

समुद्रकाठ (कॅलगरी) – २४ जुलै

कळ्या!! तिसऱ्या बादलीत शेंड्याला बारीक दांडा आला आहे आणि त्यावर कळ्यांचे मणी. मी टॉर्च न लावता, सकाळी बाहेर काढल्यावर पाहिलं. बाहेरच्या बादलीत काहीही नाही, नुसती पानं. फोटो टाकते थोड्या वेळाने, हात स्थिर नाहीत.

मातीचे हात (दापोली) – २४ जुलै

अभिनंदन ताई. आणखी दोन आठवडे अंधार चालू ठेवा. मध्येच थांबलात तर उरलेले शेंडे पुन्हा पानांवर जातील. पहिल्या फुललेल्या झाडाला दोरा बांधा, त्याचं बी वेगळं धरा. चार झाडांतून नवं वाण निघत नाही, पण लवकर फुलणारं कुठलं हे वहीत असू द्या.

समुद्रकाठ (कॅलगरी) – २१ सप्टेंबर

सगळं एकत्र लिहिते.

स्टुपिस २ ऑगस्टला लाल झाला, सब-आर्क्टिक २६ जुलैला. पुढच्या वर्षी स्टुपिसची झाडं दुप्पट, दुसऱ्याची दोनच. भेंडीने निराश केलं, सहा झाडांत मिळून एका वेळच्या भाजीपुरती. आमच्या रात्रींना ती जमत नाही, पुढच्या वर्षी फक्त पॉलिटनेलमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या बोगद्याखाली. फावा भरभरून आला आणि सुगरणताईंची उसळ तीनदा झाली.

वालाच्या चार बादल्यांना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पांढरी फुलं आली. शेंगा पोसायला वेळ लागला. १२ सप्टेंबरला फ्रॉस्टचा इशारा आला तेव्हा बादल्या कायमच्या घरात घेतल्या, जेवणाच्या खोलीत काचेजवळ. काल शेवटच्या शेंगा खुळखुळल्या. एकूण ४६ शेंगा, त्यांतून १३१ चांगले दाणे, तेच तांबूस, आईच्या डब्यातल्यासारखे. बाहेरच्या एकट्या बादलीला फ्रॉस्टच्या दोन दिवस आधी पहिली कळी दिसली होती. काकांनी सांगितलं होतं अगदी त्याच सुमाराला.

लाल दोऱ्याच्या झाडाचे ३८ दाणे वेगळ्या पाकिटात आहेत. काही दाणे दुसऱ्या एखाद्या घरातही असावेत असं वाटतं, म्हणजे माझ्याकडे काही बिघडलं तरी बी राहील. हिरवी खिडकी, तुझ्या बाल्कनीला लागून अंधारी खोली आहे का?

हिरवी खिडकी (एडमंटन) – २१ सप्टेंबर

ताई, कपड्यांचं कपाट आहे, दार घट्ट लागतं, आत दिवा नाही. दोन बादल्या बसतील, मोजून बघितलं आत्ताच. पत्ता तुझ्या विचारपुशीत टाकते.